समोरच्याचं वाक्य

(एका शिक्षकाच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो, ते सर गणित शिकवायचे आणि स्नेहसंमेलन जवळ आलं की नाटकाच्या तालमीला पेटी घेऊन बसायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. त्यामुळे विषय निवडताना मला फार शोधाशोध करावी लागली नाही. शाळेत नाटक बसवणाऱ्या शिक्षकाबद्दल आज बोलायचं आहे. त्यातही पाचवी ते आठवीच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या शिक्षकाबद्दल. बालवाडीतल्या मुलाला ससा केलं की टाळ्या ठरलेल्या असतात. कॉलेजच्या मुलांना एकांकिका स्पर्धा आहेत, करंडक आहेत, त्यावर वाद घालायला कट्टे आहेत. मधल्या चार वर्षांकडे मात्र फारसं कुणी बघत नाही.

माझी नोकरी मराठीच्या शिक्षिकेची. नाटक हे त्या नोकरीला लागून आलेलं काम. मी स्वतः नाटकं बसवली, आणि माझ्याहून चांगली बसवणारी माणसं जवळून पाहिली. त्या सगळ्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकते. नाटकाचा शिक्षक मुलांना बोलायला शिकवतो, अशी आपली समजूत आहे. चांगला शिक्षक त्यांना ऐकायला शिकवतो. बोलणं मागाहून येतं. आणि या ऐकण्याचा परिणाम रंगमंचापेक्षा घरात जास्त दिसतो.

पालक मुलाला नाटकात घाला म्हणून येतात तेव्हा त्यांच्या तोंडी ठरलेली वाक्यं असतात. ‘आमचा फार बुजरा आहे हो, जरा धीट होऊ दे.’ ‘स्टेज डेअरिंग यायला पाहिजे.’ ‘उच्चार स्पष्ट झाले तर बरं.’ यात चुकीचं काहीच नाही. पण अकरा ते चौदा या वयातल्या मुलाची अडचण निव्वळ बुजरेपणाची नसते. या वयात मुलग्यांचा आवाज फुटतो, मुलींची उंची एका वर्षात एवढी वाढते की आपल्याच हातापायांचं काय करावं कळत नाही. काल मांडीवर बसणारं पोर आज खोलीचं दार लावून घेतं. आपण कसे दिसतो, वर्गातले काय म्हणतील, हा विचार चोवीस तास चालू. स्वतःकडेच इतकं लक्ष लागलेल्या मुलाला आणखी ‘धीट हो, पुढे हो, मोठ्यांदा बोल’ म्हणून काय साधणार? त्याचं लक्ष स्वतःवरून उचलून दुसऱ्याकडे न्यावं लागतं. नाटकात ते करता येतं, कारण तिथे ‘मी’ला थोडा वेळ रजा मिळते. दिलेल्या नावाखाली मूल रडू शकतं, चिडू शकतं, खोटं बोलू शकतं, आणि पडदा पडल्यावर त्याबद्दल कुणी त्याला विचारत नाही.

मराठीत मुलांच्या नाटकाची परंपरा चांगली आहे, पण तिच्यात दोन निरनिराळी कामं आहेत आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो. पहिलं काम मुलांसाठी नाटक करण्याचं. सुधा करमरकर यांनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचं शिक्षण घेतलं, १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ म्हणजे ‘बालरंगभूमी’ सुरू केली आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे मोठ्यांच्या नाटकातली उरलीसुरली लाकडं आणि जुने पडदे, ही समजूत त्यांनी मोडून काढली. मतकरींनी पुढे ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था काढली. त्यांचं ‘अलबत्या गलबत्या’ आणि त्यातली चेटकीण माहीत नाही असं मराठी घर विरळाच. पु. ल. देशपांड्यांनीही मुलांसाठी ‘वयं मोठम् खोटम्’ लिहिलं. या मंडळींनी मुलांना प्रेक्षक म्हणून मान दिला, आणि ते ऋण मोठं आहे.

दुसरं काम मुलांबरोबर नाटक करण्याचं. ते शिक्षकाचं. या कामासाठी माझ्या डोळ्यांसमोर पहिलं नाव येतं ते सुलभा देशपांडे यांचं. आपण त्यांना अभिनेत्री म्हणून ओळखतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मधली त्यांची लीला बेणारे १९६७ पासून मराठी रंगभूमीच्या इतिहासात जाऊन बसली. पण त्या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या, शाळेतल्या मुलांची नाटकं बसवत होत्या. बेणारेही शाळेत शिकवणारी बाई आहे, मुलांमध्ये रमणारी आणि मोठ्यांच्या खोट्या न्यायालयात सापडलेली. ज्या बाईने वर्गावर उभं राहून दिवस काढलेत तिने ही भूमिका करणं, याला मला वेगळं वजन वाटतं.

१९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई, अरुण काकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली. तिची मुलांची शाखा म्हणजे ‘चंद्रशाला’. ‘दुर्गा झाली गौरी’ हे चंद्रशालेचं १९८२ मधलं नृत्यनाट्य वर्षानुवर्षं होत राहिलं. मुलं मोठी होऊन बाहेर पडत, त्यांच्या जागी नवी येत. नाटक तेच राही आणि पिढी बदले. विजय तेंडुलकरांसारखा लेखक मुलांसाठी ‘राजाराणीला घाम हवा’, ‘बाबा हरवले आहेत’ अशी नाटकं लिहीत होता. ‘राजाराणी’चा हिंदी बालचित्रपट १९७८ मध्ये सुलभाताईंनीच दिग्दर्शित केला. आणि विसरू नका, समांतर रंगभूमीची जी चळवळ आपण ‘छबिलदास’ या नावाने ओळखतो, ती १९७४ पासून एका शाळेच्या सभागृहात वाढली. मराठी नाटकाच्या मोठ्या चळवळीला शाळेने जागा दिली होती. आज शाळेकडे नाटकासाठी जागा मागायला गेलं तर काय उत्तर येतं, ते इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको.

आता तालमीकडे येते, कारण खरं काम तिथे होतं. प्रयोग तासाभराचा, त्याचे फोटो निघतात, ते अहवालात छापले जातात. तालमीचा फोटो कुणी काढत नाही.

भूमिका वाटल्या की मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘बाई, मला किती वाक्यं?’ दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न घरून येतो, ‘आमच्या मुलीला चारच वाक्यं?’ मग मुलं वहीत आपापली वाक्यं स्केचपेनने रंगवतात. एखाद्याचं पान पिवळंधमक, एखाद्याच्या पानावर एकच रेघ. माझ्या एक सहकारी बाई होत्या. त्यांनी हे रंगवणंच बंद केलं. प्रत्येकाने सगळं नाटक उतरवून काढायचं, आणि पहिले काही दिवस कुणीही कुणाचंही वाक्य म्हणायचं. ज्याला राजा मिळालाय त्याने दासी वाचायची, दासीने प्रधान. मुलं कुरकुरायची. पण त्यामुळे व्हायचं असं, की भूमिका पक्की होईपर्यंत प्रत्येकाला सगळी गोष्ट माहीत असे, आणि समोरचा आपल्याशी असा का बोलतो आहे हेही.

त्यांच्या एका नाटकात दरबाराचा प्रवेश होता. राजा, प्रधान, फिर्यादी, आणि मागे भाला घेतलेला शिपाई. शिपायाला एकही वाक्य नव्हतं. सातवीतला एक मुलगा शिपाई होता आणि अशा मुलांचं जे होतं तेच त्याचं झालं. तो पाय खाजवायचा, खिडकीतून मैदानाकडे बघायचा, राजाची वाक्यं ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा. दुसरा कुणी असता तर ओरडला असता, ‘नीट उभा राहा.’ बाईंनी त्याला बाजूला घेऊन काम दिलं. ‘राजा जिथे खोटं बोलतोय असं तुला वाटेल, तिथे भाला या हातातून त्या हातात घ्यायचा. कुठे घ्यायचा ते मी सांगणार नाही. रोज ठरवायचं.’

दुसऱ्या दिवशी त्याने भाला तीनचारदा हलवला, सगळा चुकीच्या जागी. मग हळूहळू तो ऐकायला लागला. एका तालमीत राजाने एक वाक्य जरा घाईने उरकलं आणि मागे भाला सरकला. राजा झालेला मुलगा चिडला. ‘बाई, हा भाला हलवतो तेव्हा मला खोटं बोलल्यासारखं वाटतं.’ बाई म्हणाल्या, ‘मग खरं वाटेल असं बोल.’ त्या दिवसापासून राजाचा अभिनय सुधारला. आणि तो सुधारला एकही वाक्य नसलेल्या मुलामुळे. शिपायालाही ते कळलं होतं. त्याला वाक्य द्या असं सांगायला मग कुणी आलं नाही, ना तो, ना त्याच्या घरचं कुणी.

यात तंत्र आहे, आणि ते शिकता येतं. इंग्लंडमध्ये डोरोथी हेथकोट नावाच्या बाईंनी ते शास्त्र म्हणावं इतकं वाढवलं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या. पुढे गिरणीच्या मालकानेच नाट्यशिक्षणाची फी भरली, आणि १९५० मध्ये त्या न्यूकॅसलला शिक्षकांच्या शिक्षिका झाल्या. त्यांची मुख्य युक्ती अशी, की शिक्षकाने बाहेर उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, स्वतः भूमिकेत शिरायचं. तेही बहुतेक वेळा अडलेल्या माणसाच्या भूमिकेत. मुलांना तज्ज्ञ करायचं आणि आपण त्यांच्याकडे मदत मागायला जायचं. सगळं माहीत असलेला मोठा माणूस एकदम ‘आता काय करू?’ म्हणून विचारतो, तेव्हा बारा वर्षांच्या मुलाची बसण्याची पद्धतसुद्धा बदलते. मी वर्गात हे करून पाहिलं आहे. गावच्या नव्या तलाठ्याची भूमिका घेऊन आठवीच्या मुलांना जमिनीचा तंटा कसा मिटवायचा विचारलं, तर भूगोलाच्या तासाला तोंड न उघडणारी मुलं बांध, पाट, वहिवाट, भाऊबंदकी यावर मला शिकवायला लागली. ते सगळं त्यांना घरून माहीत होतं. शाळेने कधी विचारलं नव्हतं. म्हणजे ऐकायला शिकवणाऱ्याने आधी स्वतः ऐकावं लागतं.

आता घराकडे. नाटक घरात शिरतं ते पाठांतराच्या वाटेने. मुलाला आपली वाक्यं म्हणायची तर समोरच्याची वाक्यं कुणीतरी वाचायला हवीत. मग आई भाजी चिरता चिरता चेटकीण होते, आजी प्रधान होते. एरवी ‘अभ्यास झाला का’, ‘दूध पिलास का’ यापलीकडे न जाणाऱ्या संवादात अचानक राजे, चोर आणि वकील येतात. एका मुलाच्या वडिलांचं इस्त्रीचं दुकान होतं. मुलगा वही घेऊन दुकानात बसायचा आणि वडील इस्त्री बाजूला ठेवून समोरची वाक्यं वाचायचे. वाचायची सवय सुटलेली, त्यामुळे अक्षर अक्षर लावत. मुलगा हुशार आणि उतावळा. एरवी त्याने दोन शब्दांतच वडिलांना तोडून वाक्य पुरं केलं असतं. पण तालमीचा नियम होता, समोरच्याचं वाक्य संपल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तो थांबायचा. वडिलांचं वाक्य संपेपर्यंत, रोज, संध्याकाळभर. नाटक झाल्यावर ते शाळेत आले. मुलाच्या अभिनयाबद्दल ते फार बोलले नाहीत. म्हणाले, ‘आता घरात माझं बोलणं पुरं होऊ देतो.’

याहून मोठं प्रशस्तिपत्र शिक्षकाला कोणतं हवं, मला माहीत नाही. प्रगतिपुस्तकात यासाठी रकाना नसतो, एवढंच.

घरावर होणारा दुसरा परिणाम तालमीच्या वेळेमुळे होतो. शाळा सुटल्यावर तालीम, म्हणजे मुलींना घरी पोचायला अंधार. पहिली हरकत तिथेच येते, आणि ती खोटी नसते. अशा वेळी नाटकाच्या शिक्षकाला घरोघरी जावं लागतं. कोण कुणाला सोडणार याची यादी करावी लागते. एकाच्या वडिलांची रिक्षा, दुसरीची आत्या त्याच रस्त्याने येणारी, तिसरीचा भाऊ सायकलवर. मुलं एका वर्गात बसत असली तरी त्यांची घरं एकमेकांच्या दारात कधी गेलेली नसतात. सोसायटीतलं घर आणि वस्तीतलं घर यांची पहिली ओळख नाटकाच्या निमित्ताने होते. कुणाच्या तरी आजीचं नऊवारी लुगडं दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी नेसते. ते परत करायला जाताना आई डबा भरून नेते. सामाजिक समतेवरच्या धड्याने हे झालेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी हरकत परीक्षेची. शिष्यवृत्तीची परीक्षा याच वर्षांत येते, आणि नेमकी हीच नाटकाच्या वयाची. ‘यंदा नको, पुढच्या वर्षी बघू,’ असं म्हणत ती चार वर्षं संपतात. मी पालकांशी याबद्दल भांडत नाही. नाटकाने मार्क वाढतात असं आश्वासनही देत नाही, कारण ते देण्याचा मला अधिकार नाही. मी एवढंच सांगते, की तुमच्या घरातल्या मुलाचं कुणीतरी पूर्ण ऐकून घेतंय आणि तेही कुणाचंतरी पूर्ण ऐकतंय, असा दिवसातला एक तास तुम्ही काढून टाकताय. तो कशाने भरणार ते ठरवा.

आणि घराला अडचणीत आणणारं नाटकही असतं. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची परंपरा डॉ. मोहन आगाशे आणि श्रीरंग गोडबोले यांनी १९८६ मध्ये पुण्यात मराठीत आणली. त्यातलं पहिलं नाटक ‘छान छोटे वाईट मोठे’. नाव ऐकूनच काही पालक दचकले असतील. पऱ्या आणि राक्षस बाजूला ठेवून, घरात मोठी माणसं मुलांशी कशी वागतात हे ग्रिप्सने मुलांच्या बाजूने मांडलं. मतकरींनी आयुष्याच्या उत्तरार्धात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे वस्तीतली मुलं आपल्याच जगण्यातले प्रसंग घेऊन नाटकं करू लागली. मुलाने घरातलं भांडण नाटकात आणलं तर घर काय करणार? मी असे पालक पाहिलेत जे रागावून उठून गेले. तेव्हा शिक्षकाची कसोटी लागते. मुलाचं म्हणणं मांडू द्यायचं, पण त्याचं घर चारचौघांत उघडं पडणार नाही हेही बघायचं. प्रसंग खरा ठेवायचा. नाव, गल्ली, व्यवसाय बदलायचा. ही हातोटी पुस्तकातून येत नाही. ती त्याच वस्तीत वर्षानुवर्षं राहून येते.

नाटकाच्या शिक्षकाचं एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. हाच माणूस मुलाचं नुकसानही करू शकतो. दरवर्षी त्याच गोऱ्यागोमट्या मुलीला राणी करणारे शिक्षक आहेत. जाड मुलाला हमखास विनोदी भूमिका देणारे आहेत. सगळं प्रेक्षागृह हसतं आणि ते मूल घरी जाऊन जेवत नाही. स्पर्धेतल्या बक्षिसासाठी दहा वर्षांच्या मुलांच्या तोंडी चाळिशीतल्या माणसाची शेरेबाजी घालणारे आहेत. सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या बालनाट्य स्पर्धेमुळे गावोगावच्या मुलांना मोठ्या रंगमंचावर उभं राहायला मिळालं, हे खरंच आहे. पण निकालाच्या दिवशी बसमध्ये रडणारी मुलं पाहिली की वाटतं, ही स्पर्धा आपण नक्की कुणासाठी लढत होतो? मालिकांच्या ऑडिशनची वाट म्हणून नाटकाकडे पाहणारे पालक आणि तशी जाहिरात करणारी शिबिरं, हा आणखी वेगळा विषय आहे. तिथे मुलं बोलायला झटपट शिकतात, पण एकमेकांचं ऐकताना मला ती दिसत नाहीत.

आता व्यवस्थेबद्दल थोडं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दृश्यकला, संगीत, नृत्य यांच्या बरोबरीने नाटकालाही जागा दिली, आणि दहावीपर्यंत कलाशिक्षण सक्तीचं असावं असं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, शंभराहून अधिक पट असलेल्या शाळेत, कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक असावा अशी तरतूद आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इतर विषय कलेच्या माध्यमातून शिकवण्यावर भर दिला. कागदावर वाट मोकळी आहे. प्रत्यक्षात शाळेत ‘कलाशिक्षक’ म्हटलं की चित्रकलेचे सर डोळ्यांसमोर येतात. नाटक मराठीच्या बाईंच्या किंवा उत्साही पी.टी.च्या सरांच्या अंगावर पडतं, तेही स्नेहसंमेलनाच्या आधीच्या तीन आठवड्यांत आणि शाळा सुटल्यावर. अंशकालीन निदेशक आज इथे, पुढच्या वर्षी आणखी कुठे. मघाशी ज्या बाईंबद्दल सांगितलं, त्यांना पाचवीतली मुलं आठवीत जाईपर्यंत मिळाली म्हणून तो भाला हलला. एका सत्रासाठी आलेल्या माणसाने तो हट्ट धरला नसता, आणि मुलांनीही तो ऐकला नसता.

म्हणून माझी मागणी मोठ्या नाट्यगृहाची नाही. दिव्यांची, ध्वनियंत्रणेचीही नाही. संस्थाचालक आणि मुख्याध्यापक समोर बसलेत म्हणून नेमकं सांगते. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला आठवड्यातून एक तास नाटकासाठी वेळापत्रकात लिहा. शाळा सुटल्यावर नको, शाळेच्या वेळेत, म्हणजे मुलींच्या अंधाराचा प्रश्नही उरणार नाही. बाकं बाजूला सरकवता येतील अशी एक खोली द्या. त्या तासाला प्रयोगाची सक्ती करू नका; वर्षभर फक्त तालीम झाली तरी चालेल. आणि जो शिक्षक हा तास घेईल, त्याला ती मुलं आठवीतून बाहेर पडेपर्यंत बदलू नका. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या सभेत पालकांनी हे मागितलं तर ते देणं अवघड नाही, कारण त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

वेळापत्रकं जूनमध्ये होतात. मे महिन्यात मुख्याध्यापकांना भेटायला गेलात तर त्यात बदल करता येतो. जुलैत ‘आता पुढच्या वर्षी’ असं उत्तर मिळतं. आपल्यापैकी जे कुणी जातील, त्यांच्याबरोबर यायची माझी तयारी आहे.